अर्ज करणाऱ्यांची यादी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापुरातल्या बँकेत हयातीचा दाखला देत होतो. निवृत्त होऊन मला दीड वर्ष झालं, तरी आपण जिवंत आहोत हे दरसाल एका यंत्राला पटवून द्यायची अजून सवय झालेली नाही. यंत्र माझा अंगठा घेत नव्हतं. काउंटरपलीकडची मुलगी शांतपणे सांगत होती, काका, हात पुसा आणि परत ठेवा. मी रुमालाने अंगठा पुसत होतो आणि खिशात फोन वाजला. सुरेखावहिनींचं नाव होतं. वहिनी सहसा मला फोन करत नाहीत, दत्ताच करायचा. "भावोजी, हे गेले," त्या म्हणाल्या. "कामावरच. खुर्चीत बसल्या बसल्या." मी म्हणालो, "बरं." खरंच, एवढंच म्हणालो. पस्तीस वर्षं सरकारी टेबलाच्या अलीकडे बसून समोरच्याचं कितीही मोठं दुःख ऐकलं की तोंडातून जो शब्द आपोआप निघायचा, तोच निघाला... फोन खिशात ठेवला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "घेतला बघा काका. झालं तुमचं."

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. दत्तात्रय काशिनाथ भोपी हे नाव वाचकांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. तो उल्हासनगरात जीन्स धुण्याचा एक लहानसा धंदा करायचा आणि शेवटची चार वर्षं शिरगावच्या एका मोठ्या सोसायटीत नोकरी करत होता. बस, एवढंच. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून मी बसलेलो नाही, ते लिहिणारी दुसरी माणसं आहेत. त्याचं जे झालं त्यात माझा हात होता. हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही पाचवीपासून एका बाकावर. माझे वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले, आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. दत्ताचं घर बदलापूरच्याच मांजर्लीत, मागच्या दारातून उतरलं की उल्हास नदी. त्याचे वडील, काशिनाथकाका, भाताची शेती करायचे आणि उरलेल्या वेळी पाग घेऊन नदीवर. पाग म्हणजे फेकायचं जाळं. पाण्याचा रंग बघून वरती कुठे पाऊस झालाय ते काका सांगायचे आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. मला पोहायला दत्ताने शिकवलं. मी बुडेन या भीतीने काठ सोडायचो नाही, आणि तो मधोमध उभा राहून म्हणायचा, "ये की, मी हाय ना." दहावीनंतर मी टायपिंगच्या क्लासला गेलो, परीक्षा दिल्या, सरकारी नोकरीला लागलो. तो आयटीआय करून उल्हासनगरात लछमन सेठकडे लागला.

लछमन सेठ हा सिंधी गृहस्थ, जीन्स धुण्याच्या धंद्यातला जुना माणूस. नव्या शिवलेल्या जीन्स पत्र्यासारख्या कडक असतात. त्या मोठ्या फिरत्या ड्रममध्ये दगड, ब्लीच आणि कसकसली रसायनं घालून धुतल्या की मऊ पडतात, रंग जागोजाग उतरतो, आणि मग त्या दुकानात टांगण्यासारख्या होतात. उतरलेला रंग पाण्याबरोबर नाल्यात जातो. दत्ता हे काम इतकं मन लावून शिकला की दहाएक वर्षांनी सेठनेच त्याला आपल्या बराकीची मागची बाजू भाड्याने देऊन म्हटलं, अब तू अपना कर. त्याने दोन मशीन घेतली, मग चार. इरफान नावाचा उत्तर प्रदेशातला वॉशिंग मास्तर त्याच्याकडे आला तो शेवटपर्यंत राहिला. दत्ताचा माल परत येत नाही असं उल्हासनगर कॅम्पातले व्यापारी सांगायचे.

एकदा काशिनाथकाका मुलाचा धंदा बघायला गेले. मीही त्या दिवशी होतो. दत्ताने त्यांना मशीन दाखवली, धुतलेला माल दाखवला, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. काका उठून मागच्या दाराशी गेले. तिथून नाला वाहत होता आणि त्या दिवशी काळ्या मालाची ऑर्डर होती. काका बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, हे पाणी कुठे जातं. दत्ता म्हणाला, वालधुनीला. काका म्हणाले, "आनि वालधुनी कुठं जाते?" काकाच म्हणाले, "मंग आपलेच नदीन की." त्यांनी चहा घेतला नाही. रागावलेही नाहीत. परत येताना रिक्षात ते शेताबद्दल बोलत होते. पण दत्ता त्या दिवसापासून बदलला.

पुढच्याच वर्षी काका गेले. भावांच्या वाटण्या झाल्या, आणि दत्ताच्या वाट्याला जे आलं ते त्याने पाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये घातलं. अंबरनाथच्या एका रासायनिक कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर त्याला भेटले होते. दोघांनी मिळून दीड वर्ष खपून तो उभा केला. तीन टाक्या. पहिल्या टाकीत चुना आणि तुरटी घालून रंग खाली बसवायचा, दुसऱ्या टाकीत पाणी निवळू द्यायचं, तिसऱ्यातून वाळू आणि कोळशातून गाळून तेच पाणी पुन्हा मशीनमध्ये घ्यायचं. नाल्याकडे जाणारा पाइप त्याने सिमेंटने बुजवून टाकला. मग दारावर बोर्ड लावला, धंद्याचं नाव आणि खाली लहान अक्षरांत, 'येथील पाणी नदीत सोडले जात नाही.' लछमन सेठ तो बोर्ड बघून गंभीर झाले. दत्ताने मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं. "बोर्ड मत लगा, बेटा. बोर्ड लगाया तो साहब को पढ़ना पड़ता है." दत्ताला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. मलाही.

मी ज्या कार्यालयात होतो त्याचं नाव लिहीत नाही. ही एकाच कार्यालयाची गोष्ट नाही आणि तिथली माणसंही वाईट नव्हती. दत्ता परवानगीचा अर्ज घेऊन आला तो दिवस आठवतो. इस्त्रीचा शर्ट, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नकाशे, टाक्यांचे फोटो. त्या धंद्यातली जवळजवळ सगळी युनिटं परवानगीशिवाय चालत होती, अर्ज करायला फारच थोडे येत. आवक क्रमांक पडला तेव्हा दत्ताने तो हातावर पेनाने लिहून घेतला. मी म्हटलं, अरे पावती देतोय ना मी. तरी लिहिला.

मग त्रुटी निघायला लागल्या. जागा बराकीतली. फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या या बराकींच्या मालकीची सनद अनेकांच्या हातात अजून पडलेली नाही, सेठच्याही नव्हती. सनद नाही म्हणून बांधकामाचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून आमच्याकडे फाइल अपुरी. सेठचं सनदेचं प्रकरण दुसऱ्या कार्यालयात पडलं होतं आणि ते कार्यालय म्हणत होतं की आधीच्या मोजणीत फरक आहे. हे एक. दुसरं याहून विचित्र होतं. प्लांट पूर्ण ताकदीने चालवायला विजेचा भार वाढवून हवा होता. भार वाढवायला आमची परवानगी लागत होती. परवानगीसाठी प्लांटमधून निघालेल्या पाण्याचा तपासणी अहवाल जोडायचा होता. आणि अहवाल मिळवायचा तर प्लांट चालवावा लागणार होता. दत्ताने भाड्याने डिझेलचा जनरेटर आणला, प्लांट चालवला, पाण्याचा नमुना दिला, अहवाल चांगला आला. त्यावर शेरा पडला की जनरेटर बसवण्याची परवानगी जोडलेली नाही. तो शेरा वरून आला होता, पण फाइलवर माझ्या अक्षरात आहे.

एकदा तो माझ्या टेबलाशी बसला होता, जेवणाची सुट्टी झाली होती आणि हॉल रिकामा होता. त्याने आयुष्यात माझ्याकडे ओळखीवर काही मागितलं नाही. त्या दिवशीही नाही. त्याने फक्त विचारलं, "अरविंदा, तू आतला माणूस. मला एवढं सांग, शेवटचा कागद कोणता? तो मी कुठूनही आणतो." मी फाइल उलटीसुलटी केली, म्हटलं बघून सांगतो. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की आमच्या साखळीत कितीतरी टेबलं होती आणि प्रत्येकाला नाही म्हणता येत होतं. हो म्हणायचा अधिकार नक्की कुणाला आहे हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं नव्हतं. लोकांना वाटतं की अशा ठिकाणी पैसे मागतात. दत्ता एकदा फार थकून म्हणाला होता की कुणी मागितले असते तर बरं झालं असतं, म्हणजे निदान त्याच्या हातात काहीतरी आहे असं समजलं असतं.

एक अधिकारी मात्र खरोखर पाहणीला गेले. तरुण होते, नव्याने बदलून आलेले. दत्ताने शेवटच्या टाकीतलं पाणी एका काचेच्या पेटीत भरून त्यात नदीतले चार मासे सोडले होते. तीन आठवडे ते मासे जगले होते. अधिकाऱ्यांनी वाकून मासे पाहिले, खूश झाले, प्लांटच्या टाक्यांवरून हात फिरवला. दत्ता म्हणाला, साहेब, एवढं तरी लिहा की पाण्यात मासे जगतायत. ते म्हणाले, "भोपी, मला मनापासून लिहावंसं वाटतंय. पण फॉर्ममध्ये माशाचा रकाना नाही." चेष्टा नव्हती ती, त्यांनाही वाईट वाटलं होतं. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली आणि पाहणी पुन्हा करावी लागेल असं ठरलं. ती पुन्हा झाली नाही.

आता यादीबद्दल लिहितो. वालधुनीची दशा तोवर सगळ्यांना दिसत होती. काठावरच्या वस्त्यांमध्ये लोकांना उग्र वासाने राहवत नव्हतं, तक्रारी वर गेल्या, आणि वरून कडक आदेश आला की विनापरवाना चालणारी वॉशिंग युनिटं बंद करून वीज तोडा. आदेशात काहीच चूक नव्हती. नियम नसावेत असं मी आजही म्हणत नाही, दत्ता तर कधीच म्हणत नसे. नदी त्याच्या दारातली होती. एका सोमवारी साडेअकराला मला साहेबांनी आत बोलावलं. चारच्या मीटिंगला हद्दीतल्या युनिटांची नावं आणि पत्ते हवे होते. मी सांगितलं की साहेब, सर्व्हे झालेलाच नाही. ते म्हणाले, "जे रेकॉर्डवर आहे त्यावरून करा." रेकॉर्डवर काय होतं? ज्यांनी परवानगीसाठी अर्ज केले होते त्यांची फाइल. दुसरं काहीच नव्हतं. गल्लोगल्ली, बराकीच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला जी युनिटं रात्रंदिवस पाणी सोडत होती त्यांचा एक चिटोराही आमच्याकडे नव्हता, कारण ती कधी आमच्याकडे आलीच नव्हती. मी फाइल उघडली आणि टाइप करायला बसलो. तेवीस नावं निघाली. दत्ताचं चौथं.

त्याच्या नावापाशी मी थांबलो असेन असं वाचकांना वाटेल. मी थांबलो नाही. मला तेव्हा असंही वाटलं की नाव यादीत असलेलं बरं, ज्यांनी अर्ज केलाय त्यांचा आधी विचार होईल. हे मी स्वतःला नंतर सांगितलं की तेव्हाच वाटलं होतं, ते आता मला नक्की आठवत नाही. पत्ता लिहिताना बराकीचा नंबर बरोबर आहे ना ते मी पुन्हा तपासलं. चूक नको म्हणून. खाली 'तयार करणार' या शब्दांसमोर सही केली आणि पावणेचारला यादी आत नेऊन दिली. साहेब म्हणाले, वेळेत केलीत, शाबास.

गुरुवारी वीज तोडायला पथक गेलं. मी तिथे नव्हतो, पुढचं सगळं मला वहिनींनी आणि इरफानने सांगितलं. मशीनमध्ये माल फिरत होता, ब्लीचमध्ये. तो अर्ध्यात थांबवला आणि स्वच्छ पाण्यात काढला नाही की कापड कुजतं. दत्ताने अर्धा तास मागितला. पथकाला दुपारपर्यंत यादी संपवायची होती, त्यांनी दहा मिनिटं दिली. मशीन थांबली, दाराला सील लागलं, फोटो काढला गेला. त्या फोटोत बोर्ड आहे, 'येथील पाणी नदीत सोडले जात नाही', आणि त्याच्याच खाली सीलचा कागद. शेजारच्या गल्लीतल्या युनिटांचे आवाज चालू होते. पथकातल्या एकाने दत्ताला हळूच सांगितलं की ते यादीत नाहीत, आम्ही काय करणार.

दत्ताला मालापेक्षा टाकीचं जास्त लागलं होतं. पहिली टाकी रंगाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली आणि सील लागलेलं. वीज नाही म्हणजे ते पाणी शुद्ध करता येत नव्हतं आणि आत जाता येत नव्हतं म्हणजे उपसताही येत नव्हतं. त्याने अर्ज केला की दोन दिवस वीज द्या, धंद्यासाठी नको, फक्त टाकी स्वच्छ करून देतो. उत्तर गेलं की युनिट बंद असल्याने सदर विनंतीचा विचार करता येत नाही. तेही माझ्या टेबलावरून गेलं. पावसाळा आला. पत्र्यातून पाणी गळून गळून टाकी भरून वाहिली आणि निळं पाणी आपोआप नाल्याला लागलं. दत्ता गल्लीत छत्री घेऊन उभा होता म्हणे. पाइप बुजवल्यापासून त्याने एक थेंबही नाल्यात सोडला नव्हता...

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. बंद झालेली बरीच युनिटं सहा महिन्यांत डोंगराकडच्या खेड्यांत गेली, जिथे कुणी विचारायला येत नाही. रस्त्यापासून आत शेड, दाराला नाव नाही, पाणी थेट ओढ्यात. कपडे तसेच धुतले जात होते, पाणी तसंच वाहत होतं, फक्त ते आता ज्यांच्या विहिरीत उतरत होतं ती आदिवासी वाड्यांवरची माणसं तक्रार करायला आमच्यापर्यंत पोचत नव्हती. लछमन सेठने दत्ताला अशा एका शेडमध्ये भागी देऊ केली. सुरेखावहिनींचं माहेर बारवी धरणाकडचं, ती शेड त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला होती. दत्ता नाही म्हणाला. सेठ त्याला म्हणाले की तू जिद्दी आहेस, आणि नंतर कधी त्यांनी विषय काढला नाही. इरफान मात्र त्या शेडवर गेला, त्याला पोरंबाळं होती. तिथे रसायनाच्या वाफेने दोन वर्षांत त्याची छाती गेली आणि तो गावी परतला. दत्ताने पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज करणं सोडलं नाही. शेवटी सामान काढून नेण्यापुरतं सील उघडलं तेव्हा मशीनला इतका गंज चढला होता की ती भंगारात द्यावी लागली. टाक्या फोडून जागा सेठला परत दिली. त्याच्याकडची अठरा माणसं कुठे कुठे गेली, त्यातल्या पाचसहाच जणांचा पत्ता त्याला शेवटपर्यंत माहीत होता.

मग त्याला शिरगावच्या सोसायटीत काम मिळालं. सात टॉवर, कमानीवर कारंजं, आणि तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, दत्ताच्या तीन टाक्यांच्या दसपट मोठा. कागद सगळे पूर्ण. प्रमाणपत्र लिफ्टशेजारी फ्रेम करून लावलेलं. पहिल्या दिवशी मॅनेजरने त्याला काम समजावलं ते असं, की प्लांट एरवी बंद ठेवायचा, वीज फार खातो. पाहणी असेल तेव्हा आधी फोन येतो, तेव्हा दोन दिवस चालवायचा. सांडपाणी मागच्या चेंबरमधून गटारात जातं. दत्ता मला हे सांगताना हसत होता. इतकं वाईट हसणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं. "आख्खं आयुष्य मी कागद शोधला आणि पाणी साफ केलं. इथं कागद हाय, पाणी साफ करायचं नाय." तरी तो रोज दुपारी दोनतीन तास प्लांट चालवायचा. हवा बंद केली की टाकीतले मैला खाणारे जंतू मरतात, म्हणून. मॅनेजरने दोनदा तंबी दिली, तिसऱ्यांदा पगार कापला. दत्ताने तास कमी केले. तीनवरून दोन, मग एक. शेवटी शेवटी म्हणे अर्धा तास.

तो जायच्या तीन आठवडे आधी मी शिरगावला गेलो होतो. सोसायटीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. तो खूप वाळला होता. मी निवृत्त झालो तेव्हापासून रोज ठरवत होतो की त्याला सांगायचं, आणि रोज दुसरं काहीतरी बोलायचो. त्या दिवशी कसं कोण जाणे, बोललो. की ती यादी मी केली होती. त्याने कप खाली ठेवला नाही. एक घोट घेतला आणि म्हणाला, "माहीत हाय."

मी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, पथकाने दारात यादी दाखवली होती, सही बघ म्हणून. "खाली तुझी सही. तो तिरका अ. शाळेच्या वहीवर पण तसाच काढायचास तू."

म्हणजे साताठ वर्षं त्याला माहीत होतं. या साताठ वर्षांत तो माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबला होता, माझ्या बायकोच्या ऑपरेशनला रक्त द्यायला आला होता, निवृत्तीच्या दिवशी पेढे घेऊन कार्यालयात आला होता आणि माझ्या त्याच टेबलापाशी उभा राहिला होता. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस, शिवी तरी द्यायचीस. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "काय बोलू? नाव खोटं थोडंच होतं. पत्ता पण बरोबर होता." आणि कप संपवून, "मला फक्त एकच वाटतं अरविंदा. मी अर्जच केला नसता तर..." चहाचे पैसे त्याने दिले, मला देऊ दिले नाहीत. त्याची पाठ फाटकातून आत जाताना मी पाहिली ती शेवटची.

माफी मागायची राहून गेली असं लिहावंसं वाटतं, पण तेही पूर्ण खरं नाही. मी मागितली असती तर तो काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि त्याने माझं काही हलकं झालं नसतं. त्याने अर्ज केला हा त्याचा गुन्हा ठरला आणि मी दिलेलं काम वेळेत केलं ही माझी चांगली नोंद ठरली. माझ्या सेवापुस्तकात ती आहे. त्याच्या मुलीने, प्रणालीने, पुण्यात केकचं छोटं दुकान काढायचं ठरवलं होतं. तेराव्याला मी तिला विचारलं तर म्हणाली, "काका, नोकरी बरी. बाबांनी केलं ते पाहिलंय ना." मी तिला समजवायला गेलो नाही.

दिवस झाल्यावर त्याचं सामान आणायला मी वहिनींबरोबर शिरगावला गेलो. तळघरातली ती खोली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. खुर्ची, खुंटीला कामाचा शर्ट, खिडकीत स्टीलचा डबा आणि चष्मा. वॉचमनपैकी एका वयस्कर गृहस्थांना आता ते काम दिलं होतं. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं. वहिनी शर्टाकडे गेल्याच नाहीत. त्या मोठ्या टाकीच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि इकडे तिकडे बघायला लागल्या. मला म्हणाल्या, इथे इतकं शांत कसं, दुपारी यांचा फोन यायचा तेव्हा मागे घरघर असायची, मी ओरडायचे की बाहेर येऊन बोला, मला ऐकू येत नाही. वयस्कर गृहस्थ खाली मान घालून म्हणाले की ती हवेची मोटर, आता बंदच असते. वहिनींनी विचारलं, "जरा लावता का? मला ऐकायचीय."

त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि स्विच दाबला. मोटर आधी कण्हली, मग सुरू झाली. खोली भरून गेली त्या आवाजाने, पायाखालची जमीन थरथरत होती. टाकीतल्या काळ्या पाण्यात खालून बुडबुडे यायला लागले. वहिनींनी डोळे मिटले आणि हात कठड्यावर ठेवला. आम्ही तिघे तसेच उभे. दहा मिनिटं झाली असतील. मग त्या गृहस्थांचा फोन वाजला, त्यांनी नाव बघितलं, फोन उचलला नाही, वहिनींकडे बघितलं. वहिनीच म्हणाल्या, "बंद करा. तुम्हाला कशाला बोलणी." त्यांनी बंद केली. आवाज एकदम थांबला नाही, हळूहळू उतरत गेला. टाकीत बुडबुडे आणखी थोडा वेळ येत राहिले, एकेक करून, आणि मग पाणी सपाट झालं.